पट्ट्याचा चाकू आणि घरी शिवलेलं म्यान: आठ दिवसांत तीन दोष निघाले, चुकलं कुठं?

तापीकाठ (रावेर)

राम राम मंडळी. रोज कंबरेला लावायचा चाकू लोहाराकडून घडवून घेतला, म्यान घरीच शिवलं. आठ दिवस केळीच्या बागेत वापरून झाला. आधी मापं देतो, म्हणजे बोलायला सोपं.

चाकू: ट्रकच्या कमानपाट्याचा. पातं ८.५ सें.मी. लांब, २.५ सें.मी. रुंद, पाठीला ३ मि.मी. जाड. एकूण लांबी १९ सें.मी. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग आहे, दोन्ही अंगांना शिसवाच्या पट्ट्या आणि तीन पितळी रिवेट. मुठीला मधे थोडं पोट आहे. वजन १३० ग्रॅम. काम म्हणजे ठिबकची १६ मि.मी. नळी, सुतळी, मल्चिंग पेपर, खताच्या गोणीची शिवण, केळीची वाळकी पानं आणि दुपारी भाकरीसोबतचा कांदा. घडाला विळा आहेच, तिथं हा चालवत नाही.

म्यान: मोच्याकडून आणलेलं तपकिरी चामडं, २.५ मि.मी. मधोमध दुमडलं आणि धारेच्या बाजूनं शिवलं. शिवणीत, दोन थरांच्या मधे, ५ मि.मी. रुंदीची चामड्याची पट्टी घातली आहे, शिलाई कडेपासून ३ मि.मी. आत. शिवून झाल्यावर चामडं भिजवलं, चाकू आत घातला आणि रात्रभर तसाच वाळू दिला.

आता दोष. तोंडाजवळचे दोन टाके पाचव्या दिवशी कापले गेले. म्यान आतून काळंनिळं पडलंय आणि पात्यावर, खास करून धारेलगत, तांबडे ठिपके आले. तिसरं म्हणजे चाकू सुरुवातीला घट्ट बसायचा, आता वाकलं की सरकतो, म्यान उलटं धरलं तर सरळ खाली पडतो. शिवाय धार दोन दिवसही टिकत नाही, नळीवर घसरते.

चामडं बदलू की नुसती शिलाई उसवून परत घालू?

रापी-आरी (जळगाव)

चामडं बदलायची गरज नाही भाऊ, आणि हे तुमच्या दुसऱ्या दोषावरूनच कळतं.

बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. ते ओलं असताना उघडं लोखंड टेकलं की शाई तयार होते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून पूर्वी काळी शाई करायचे, तोच प्रकार. क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) चामडं असतं तर असा काळानिळा डाग पडला नसता. कापलेली कड बघून खात्री करा: आरपार तपकिरी दिसली तर सालीचं, मधे निळसर राखाडी थर दिसला तर क्रोमचं. म्यानाला सालीचंच हवं, कारण ते भिजवून दाबलं की आकार धरतं. क्रोमचं कितीही दाबा, वाळलं की पुन्हा सपाट.

म्हणजे चामडं बरोबर होतं, भिजवण्याची रीत चुकली. ओल्या चामड्यात उघडं पातं रात्रभर ठेवलं तर गंजणारच. पात्याला आणि मुठीला आधी पातळ प्लास्टिकचे दोन वेढे द्यायचे (भाजी गुंडाळायचा क्लिंग रॅप उत्तम), वरून चिकटपट्टी. लोखंड कुठंच उघडं नको.

टाक्यांचा हिशोब करा. पट्टी ५ मि.मी., शिलाई कडेपासून ३ वर. म्हणजे धार आणि दोरा यांच्यात चामडं उरलं फक्त २ मि.मी. चाकू उपसताना हात नकळत धारेकडे ओढतो, त्यामुळे तोंडाजवळचं चामडं सगळ्यात जास्त कापलं जातं. ते २ मि.मी. पाच दिवस टिकलं हेच पुष्कळ. पट्टी १० मि.मी. रुंद घ्या, शिलाई बाहेरून ४ वर ठेवा, धारेच्या वाट्याला ६ मि.मी. चामडं येईल. जाडी पात्याच्या पाठीइतकी, म्हणजे ३ मि.मी. पट्टी पातळ असली तर पातं दोन्ही थरांना फाकवतं आणि सगळा ताण शिलाईवर येतो.

सैलपणाबद्दल आधी एक सांगा: म्यानात मुठीचा किती भाग जातो?

तापीकाठ (रावेर)

कड आरपार तपकिरीच आहे. मूठ जेमतेम दीड सें.मी. आत जाते, उपसायला सोपं पडावं म्हणून तेवढीच ठेवली होती. चामड्याला वरून काहीच लावलेलं नाही.

रापी-आरी (जळगाव)

मग तिसऱ्याचं कारणही सापडलं. तुमचं म्यान चाकूला पात्यावर धरतंय. पातं गुळगुळीत आणि टोकाकडे निमुळतं, ते कशाला अडकून राहील? पहिले चार दिवस नवं चामडं आवळलेलं होतं, नंतर बागेतल्या ओलीनं ते ताणलं. चाकू धरायचा मुठीवर. तुमची मूठ साडेदहा सें.मी., त्यातली किमान पाच आत जाऊ द्या. तोंड पोटाच्या जरा पुढे संपलं पाहिजे. मग चामडं पोटामागे आवळतं आणि आत जाताना "टक्" असं जाणवतं. ते जाणवलं नाही तर टिचबटनाची पट्टी लावूनही काही साधत नाही. शिवाय बटनाची पट्टी धारेच्या वाटेत आली तर चौथ्या दिवशी तीच कापली जाईल.

म्हणजे चामडं त्याच जातीचं घ्या, पण तुकडा नवा, कारण जुन्याची उंची कमी पडणार. रीत अशी:

कागदी साचा आधी. लग्नपत्रिकेचा जाड कागद बरा. मधोमध रेघ मारा, चाकूची पाठ रेघेवर टेकवा आणि चाकू एका अंगावर *लोळवा*, मग भोवती पेन्सिल फिरवा. नुसता आडवा ठेवून रेखाटला तर मुठीची जाडी हिशोबात येत नाही आणि म्यान मुठीपाशी आखूड पडतं. बहुतेकांचं पहिलं म्यान इथंच वाया जातं. धारेच्या बाजूला रेघेपासून १२ मि.मी. जास्त ठेवा, मग तोच आकार दुसऱ्या अंगाला उलटून घ्या. पट्ट्याच्या घरासाठी मागच्या अंगाला वरती ३ सें.मी. रुंद, १२ सें.मी. लांब जीभ सोडा, ती मागे दुमडून शिवायची. ही शिलाई बाकी सगळ्याच्या *आधी*, नंतर आत हात जात नाही.

शिवणीतली पट्टी पात्याच्या लांबीला एक थर, मुठीजवळ दोन थर, कारण मूठ पात्यापेक्षा जाड. दुसऱ्या थराचं टोक रापीनं (मोच्याच्या चामडं कापायच्या पात्यानं) छिलून शून्यावर आणा. पायरी राहिली तर टोक दरवेळी तिथं अडकेल.

चिकटवायला फेव्हिकॉल एसआर ९९८ किंवा मोच्याचं सोल्यूशन. गुळगुळीत बाजूला ते धरत नाही, आधी काचपेपरनं खरखरीत करा. दोन्ही अंगांना लावा, १०-१५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतकं सुकलं की मग दाबा. ओलं असताना दाबलं तर चिकटतच नाही, आणि लोक नाव गोंदाला ठेवतात.

भोकं ४ मि.मी. अंतरानं. कंपासचं एक टोक कडेवरून फिरवून शिलाईची रेघ ओढा, मग अंतर टोचून घ्या. एवढ्या थरातून आरी (मोच्याचा टोच्या) नीट सरळ जात नाही, मागच्या अंगाला भोकं वाकडी निघतात. त्यापेक्षा १.५ मि.मी.च्या ड्रिलनं, खाली लाकूड धरून, उभी भोकं पाडा.

दोरा ०.८ मि.मी. पॉलिस्टर, मधमाश्यांच्या मेणावर दोनदा ओढलेला. सुती नको, घामानं आणि ओलीनं कुजतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट, वर सुयांसाठी वीत वीत जास्त. दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार. अशी शिलाई एखादा टाका तुटला तरी उसवत नाही, कारण शेजारचे टाके स्वतंत्र धरून असतात. मशिनचा एक टाका गेला की रांग सैल होते. तोंडाशी तीन टाके मागे येऊन दुहेरी करा आणि टोकं काडीनं वितळवा.

शेवटी टोकाला ४ मि.मी. चं भोक ठेवा. आत गेलेलं पाणी आणि माती तिथून निघते.

भिजवणं: कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण मिनिटभर. गुंडाळलेला चाकू आत घाला आणि मुठीच्या पोटाभोवती, रिवेटच्या पुढे, अंगठ्यानं आणि चमच्याच्या दांड्यानं दाबत राहा. अर्ध्या तासानं चाकू बाहेर काढा, आकार राहतो. वाळवायचं सावलीत, पूर्ण दिवस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, लोकांना वाटतं पत्र्यावर ठेवलं की तासात काम झालं. ओलं चामडं सत्तरच्या आसपास तापलं की आक्रसतं, कडक होतं आणि परत कधीच नरम होत नाही. तापलेला पत्रा त्या आकड्याच्या फार मागे नसतो.

पूर्ण वाळल्यावरच मेण. एक भाग मधमाश्यांचं मेण, दोन भाग चामड्याचं तेल, गरम पाण्यातल्या वाटीत वितळवून कोमट असताना बाहेरून चोळा. आत नको, आतला थर मऊ झाला की आवळ जाते.

ऐरण (धुळे)

म्यानाचं रापी-आरींनी सांगितलं, त्यात काही काढायला नाही. मी फक्त धारेवर बोलतो.

कमानपाट्याचं पोलाद चाकूला चांगलं, पण त्याची धार पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून बुडवून कडक कसं केलं, यावर. दोन दिवसांत धार जाण्याची तीन कारणं असतात आणि तिन्ही घरी तपासता येतात.

पहिलं, बर राहिली आहे. घासल्यावर धारेची कड एका अंगाला वळते, नखाला खरखर लागते. ती काढली नाही तर चाकू पहिल्या तासाला वस्तऱ्यासारखा आणि दुसऱ्या दिवशी लाकडासारखा. म्यानाचा उरलेला चामड्याचा तुकडा फळीवर चिकटवा, त्यावर पाठीच्या दिशेनं, म्हणजे धार मागे ठेवून, वीस-वीस वेळा ओढा. अर्ध्याअधिक तक्रारी इथंच मिटतात.

दुसरं, ग्राइंडरवर जळाली आहे. धारेलगत निळी झाक दिसते का पाहा. निळं म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि पाणी उतरलं. चकाकी दिली असेल तर रंग पुसला गेलेला असतो, पण मऊपणा राहतोच. उपाय एवढाच की ती एक-दीड मि.मी. कड पाणी मारत हातानं दगडावर घासून काढायची. खालचं पोलाद बहुधा ठीक निघतं.

तिसरं, पाणीच कमी बसलंय. चांगली नवी कानस धारेमागच्या सपाट भागावर हलकी फिरवा. लोण्यासारखी चावली तर मऊ. घसरत घसरत थोडीशी चावली तर बरोबर. अजिबात चावली नाही तर जास्त कडक, धारेचे कण तुटतील. दुसरी परीक्षा पितळी सळईची: ६ मि.मी.ची सळई आडवी धरा, धार तिच्यावर तिरपी टेकवून हलकं दाबत ओढा. धार सळईवर किंचित वाकताना दिसते. सुटल्यावर सरळ झाली तर उत्तम, वाकलेली राहिली तर मऊ, कण तुटून कंगव्यासारखे दाते पडले तर कडक. कडक असेल तर घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक तास, गार करून परत एक तास. ओव्हनच्या आकड्यावर विश्वास नको, शेजारी घासून चकचकीत केलेला लोखंडाचा तुकडा ठेवा, तो फिकट गव्हाळी झाला की झालं. मूठ बसवलेली असताना हे करता येत नाही, लाकूड तडकतं. मऊ निघालं तर लोहाराकडेच परत.

कोन दोन्ही अंगांना २० अंश. तुमचं पातं २.५ सें.मी. रुंद आहे, म्हणजे पाठ दगडापासून साधारण ८ मि.मी. वर. तेवढ्या जाडीची लाकडी पाचर करून ठेवा, दर दहा ओढींनी कोन पडताळा. ४०० चा दगड, मग १०००. नळी, सुतळीला यापुढे जाऊ नका. फार गुळगुळीत धार सुतळीवर सरकते, बारीक दाते असलेली धार तिला पकडते.

आणि ठिबकची नळी कापताना आधी अंगठ्यानं माती पुसत चला. धारेचा खरा शत्रू ती वाळू. नळीवर चाकू दाबू नका, टाचेपासून टोकापर्यंत ओढा.

पाइपवाला (चोपडा)

भो, एवढं मेण-तेल, भिजवणं, वाळवणं कशाला? केळीची बाग म्हणजे बारा महिने ओल. चामडं तिथं सुकतच नाही. ६३ मि.मी. पीव्हीसी पाइपचा तुकडा प्रत्येक शेतात पडलेला असतो. त्याचा घेर जवळजवळ २० सें.मी., म्यानाला पुरून उरतो. भिंत २ मि.मी.च्या आसपासची घ्या.

उभा चिरा, हॉट एअर गननं सगळीकडून सारखा तापवा, मऊ पडला की दोन फळ्यांत दाबून पत्रा करा. परत तापवा, चाकू मधे घालून दुमडा, वरून जुन्या गादीचा फोम आणि फळी, त्यावर उभं राहा पाच मिनिटं. गार झाल्यावर कडेला ४ मि.मी.चे तीन नट-बोल्ट, प्रत्येकाखाली वायसर. मुठीच्या पोटामागे "टक्" करून बसतं. पाण्यानं धुता येतं, खाली भोक ठेवा.

चाकू मधे घालण्याआधी पात्याला दोन थर चिकटपट्टी लावा, नाहीतर गार झाल्यावर पातं म्यानातच अडकून राहील. आणि गन एका जागी धरू नका. पाइप तपकिरी पडून फुगायला लागला की त्यातून आम्लाचा धूर निघतो, छातीला वाईट आणि पोलादालाही वाईट. उघड्यावर करा, चुलीवर तर मुळीच नको.

रापी-आरी (जळगाव)

पाइपवाला भाऊ, बागेत तुमचं म्यान सरस, हे मान्य. पण पीव्हीसी ऐंशीच्या आसपास नरम पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते एक दुपार राहिलं की आकार गेला. आणि त्यात माती शिरली तर पात्यावर प्रत्येक उपसणीला ओरखडे, चामडं निदान थोडी माती पोटात घेतं. तापीकाठ, बागेत पाइपचं आणि गावात चामड्याचं, असं करायलाही हरकत नाही. दोन्हींचा खर्च मिळून एका चांगल्या पट्ट्याएवढाही नाही.

वहीखाते (भुसावळ)

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या वर्गात मोडतात, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना वगळलंय. साडेआठ सें.मी. म्हणजे सव्वातीन-साडेतीन इंच, त्यामुळे मापाची अडचण नाही. पण सणावाराला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघतो, त्यात चाकू-सुरेही येतात. त्या दिवसांत चाकू शेतातच ठेवायचा, बाजारात कंबरेला नको. विमानाच्या हातसामानात तर कधीच नाही.

तापीकाठ (रावेर)

पितळी सळईवर धार वाकून परत सरळ येते. निळी झाक नाही. नखाला मात्र एका अंगानं खरखर लागली, म्हणजे बरच होती. चामड्यावर ओढल्यावर १६ ची नळी एका ओढीत गेली.

दोन गोष्टी राहिल्या. पात्यावरचे ठिपके कसे काढू? आणि मुठीला जवसाचं तेल लावायचंय, तेच म्यानाला चालेल का?

ऐरण (धुळे)

ठिपके ताजे असतील तर खोबरेल टाकून बारीक स्टील वूलनं घासा, लांबीच्या दिशेनं. खोल काळे खड्डे राहिले तर राहू द्या. केळीचा चीक लागून पातं राखाडी-काळं होईल, तो रंग घासून काढू नका, गंज थोडा अडवतो. कांदा-काकडी कापता म्हणून पात्याला खोबरेलच ठेवा, मशिनचं तेल नको. थंडीत बाटली गोठते, तेव्हा चमच्यानं काढून बोटानं चोळायचं.

जवस मुठीला उत्तम: पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, दोन-तीन दिवसांनी परत, असे चार-पाच. न पुसता ठेवलं तर चिकट पापुद्रा बसतो. म्यानाला नको, चामड्यात ते वाळून कडक होतं आणि दुमडीवर भेग पडते. आणि ज्या चिंधीनं पुसाल ती बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस वाळताना तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, चिंधी आपोआप पेटते. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

रापी-आरी (जळगाव)

रात्री चाकू म्यानात ठेवू नका. म्यान खिळ्याला तोंड खाली करून टांगा, चाकू पुसून वेगळा, कापडात गुंडाळून. नवं म्यान झालं की गादीवर उलटं धरून दहा वेळा जोरात झटका. पायावर धरून नाही. सुटला तर फक्त तोंडाचा भाग पाच सें.मी. पाण्यात बुडवून परत दाबा, सगळं म्यान पुन्हा भिजवायची गरज नसते. मेण लावायच्या आधीच हे करा, नंतर पाणी आत शिरत नाही.